ग्रंथालय बंद असतानाचे ग्रंथालय

सार्वजनिक ग्रंथालयाच्या नूतनीकरणाची घोषणा झाली की चर्चा नव्या इमारतीभोवती फिरते. वाचनकक्षात उजेड कुठून येईल, बालविभाग कोणत्या मजल्यावर असेल, व्हीलचेअर आत सहज जाईल की नाही, एकूण खर्च किती आणि तो कोण उचलणार, यावर सभा होतात, नकाशे भिंतीवर लागतात, हरकती आणि सूचना मागवल्या जातात. मधल्या दीड-दोन वर्षांत वाचकांनी काय करायचे, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा दारावरच्या एका सूचनेने निकालात निघतो: काम पूर्ण होईपर्यंत ग्रंथालय बंद राहील, गैरसोयीबद्दल क्षमस्व. बंद काळातील सेवेचा आराखडा हा इमारतीच्या नकाशाचाच एक भाग मानला जावा, असे मला वाटते. तो तयार नसेल आणि त्यासाठी पैसा वेगळा काढून ठेवलेला नसेल, तर बांधकामाला मंजुरीच मिळता कामा नये.

ही भूमिका अनेकांना टोकाची वाटेल. काही महिन्यांचीच तर बाब आहे, त्यानंतर सर्वांना अधिक चांगली वास्तू मिळणार आहे, तेवढी कळ सोसावी, असा साधा आणि वरवर रास्त युक्तिवाद त्यावर केला जातो. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे हा काळ सर्वांना सारखाच जातो. घरात पुस्तकांचे कपाट, स्वतःचा संगणक आणि दार लावून बसता येईल अशी खोली असलेल्या वाचकाला दोन वर्षांचा खंड जाणवतोही कमी. चार वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. ग्रंथालय पुन्हा उघडेल तेव्हा ते सहा वर्षांचे झालेले असेल आणि मांडीवर बसून चित्रांची पुस्तके ऐकण्याचे त्याचे वय सरलेले असेल. नोकरीचे अर्ज ग्रंथालयातल्या संगणकावरून भरणाऱ्याला तो अर्ज याच आठवड्यात भरायचा असतो. परीक्षेची तयारी करणाऱ्याची परीक्षा ठरलेल्या दिवशीच होते आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धाला रोजचे वर्तमानपत्र आणि त्यानिमित्ताने भेटणारी चार माणसे रोजच हवी असतात. युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयविषयक जाहीरनाम्याने १९४९ च्या पहिल्या आवृत्तीपासून २०२२ च्या ताज्या आवृत्तीपर्यंत समान प्रवेशाचे तत्त्व धरून ठेवले आहे. त्या तत्त्वाची खरी कसोटी दार उघडे असताना लागत नाही, कारण उघड्या दारातून सगळेच आत येतात. दार बंद झाल्यावर कोणाला पर्याय उरतो आणि कोणाला नाही, हे पाहिले म्हणजे समानतेचा हिशेब नीट मांडता येतो.

या दुर्लक्षाचे एक कारण मोजणीच्या पद्धतीत आहे, असे मला वाटते. ग्रंथालये पुस्तकांची देवघेव मोजतात, सभासद मोजतात, ग्रंथसंख्या मोजतात. त्यामुळे बंद काळाचा विचार झालाच, तर तो देवघेवीपुरता होतो: एखादी खिडकी चालू ठेवू, मागणी केलेली पुस्तके तिथे देऊ, परत आलेली पेटीत घेऊ. हे करायलाच हवे, पण ग्रंथालयात येणाऱ्यांपैकी कितीतरी माणसे एकही पुस्तक घरी नेत नाहीत. ती येतात, बसतात, वाचतात, काहीतरी विचारतात आणि जातात. सरकारी अर्जातला एखादा रकाना समजत नाही म्हणून कोणी ग्रंथपालापुढे कागद धरतो. शाळा सुटल्यापासून आई-वडील कामावरून येईपर्यंत मुले तिथे गृहपाठ करतात. नव्याने आलेले स्थलांतरित आठवड्यातून एकदा तिथली भाषा बोलण्याचा सराव करायला जमतात. उन्हाच्या किंवा थंडीच्या कडाक्यात कोणी नुसतेच टेकायला येतो. यातले काहीही नोंदवहीत उतरत नाही. जे नोंदवहीत नाही त्याची पर्यायी सोय करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही, आणि म्हणून बंद होण्यापूर्वीचे पहिले काम म्हणजे निदान महिनाभर, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, आत आलेली माणसे नेमके काय करतात हे पाहून लिहून काढणे. हे काम फार खर्चाचे नाही. त्याला पायऱ्यांजवळ उभे राहण्याची तयारी लागते, एवढेच.

दार बंद झाले म्हणून सेवा थांबत नाही, याचे सर्वात ठोस उदाहरण युद्धकाळातले आहे. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर बॉम्बवर्षाव सुरू झाला आणि अगदी पहिल्याच रात्री शहराच्या पूर्व भागातील बेथनल ग्रीनच्या मध्यवर्ती ग्रंथालयावर बॉम्ब पडला. तिथल्या ग्रंथपालांनी पुस्तके वाचवली, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्या भागातले हजारो लोक रात्री भुयारी रेल्वेच्या अपुऱ्या राहिलेल्या स्थानकात आसऱ्याला जात होते. तिथे, रुळांच्या जागेवर फळ्या टाकून, सुमारे ४,००० पुस्तकांचे छोटे ग्रंथालय उभे करण्यात आले आणि ते संध्याकाळी काही तास उघडे राहू लागले. त्याच भुयारात लहान मुलांसाठी पाळणाघर होते आणि नाट्यप्रयोगांसाठी छोटे रंगमंदिरही होते. या प्रसंगाकडे धैर्याची कथा म्हणून पाहण्याचा मोह होतो. मला त्यातला प्रशासकीय निर्णय अधिक महत्त्वाचा वाटतो. वाचक आता कुठे आहेत, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला आणि ग्रंथालय तिकडे नेले. इमारत दुरुस्त होईपर्यंत वाचकांनी थांबावे, अशी अपेक्षा करायला त्या ग्रंथपालांकडे आजच्या कोणत्याही नूतनीकरण समितीपेक्षा कितीतरी सबळ कारण होते.

याच्या शेजारी लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचे उदाहरण ठेवून पाहावे. २९ एप्रिल १९८६ रोजी लागलेल्या आगीत तिथली सुमारे चार लाख पुस्तके नष्ट झाली आणि आणखी लाखो पुस्तकांचे धुराने आणि पाण्याने नुकसान झाले. शहरातले शेकडो स्वयंसेवक धावून आले, भिजलेली पुस्तके खोक्यांत भरली गेली आणि बुरशी धरू नये म्हणून ती शीतगृहांत गोठवून ठेवण्यात आली. ही तातडी थक्क करणारी होती. मध्यवर्ती ग्रंथालयाला वाचकांसाठी तात्पुरती जागा मिळायला मात्र १९८९ उजाडले आणि मूळ इमारत ऑक्टोबर १९९३ मध्ये पुन्हा उघडली. शहरात शाखा होत्या, त्यामुळे वाचक अगदीच वाऱ्यावर सोडले गेले असे म्हणता येणार नाही. तरीही पुस्तके वाचवण्यासाठी काही तासांत उभी राहिलेली यंत्रणा आणि वाचकांना बसायला जागा देण्यासाठी लागलेली तीन वर्षे यांतले अंतर मला बोलके वाटते. संकटात संग्रह आधी वाचवावा हे बरोबरच आहे, पण नियोजित नूतनीकरणाच्या वेळी संकटाची सबब उपलब्ध नसते. तिथे तारीख आधीच ठाऊक असते.

आता सर्वात लोकप्रिय उत्तराकडे वळू. सगळे ऑनलाइन उपलब्ध आहे, सभासदत्वावर ई-पुस्तके मिळतात, मग इमारत बंद असली तर काय बिघडले? ई-पुस्तकांचा मी विरोधक नाही. अंधूक दिसणाऱ्याला अक्षरे मोठी करून वाचता येतात आणि अंथरुणाला खिळलेल्यालाही पुस्तक मिळते, हा मोठाच लाभ आहे. पण ग्रंथालयाने विकत घेतलेले छापील पुस्तक आणि ग्रंथालयाला मिळालेले ई-पुस्तक या कायद्याच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत. छापील प्रत ग्रंथालयाची होते आणि तिची पाने टिकतील तोवर ती कितीही वाचकांना देता येते. ई-पुस्तक बहुधा परवान्यावर मिळते आणि परवान्याच्या अटी प्रकाशक ठरवतो. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये ग्रंथालयांना दिलेले ई-पुस्तक २६ वेळा वाचकांना दिल्यावर परवाना संपेल, अशी अट घातली. मॅकमिलनने नोव्हेंबर २०१९ पासून नव्या ई-पुस्तकाची पहिले आठ आठवडे प्रत्येक ग्रंथालय-व्यवस्थेला एकच प्रत देण्याचे धोरण आणले, मग ती व्यवस्था लाखो लोकांची का असेना. मार्च २०२० मध्ये साथीमुळे सगळीकडे ग्रंथालये बंद होऊ लागली तेव्हा ते मागे घेतले गेले. म्हणजे इमारत बंद करून वाचकांना ई-पुस्तकांकडे वळवणारे ग्रंथालय आपल्या मालकीच्या संग्रहावरून दुसऱ्याच्या मर्जीवर चालणाऱ्या संग्रहाकडे जाते, आणि तेही नेमके मागणी वाढलेली असताना. शिवाय ज्याच्याकडे घरी इंटरनेट नाही म्हणून जो ग्रंथालयात येत होता, त्याला ऑनलाइन सेवेचा पत्ता देणे ही थट्टा ठरते.

२०२० च्या साथीने हा शेवटचा मुद्दा सर्वांना दाखवून दिला. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने त्या मार्चमध्ये ग्रंथालयांना दारे बंद करण्याचा सल्ला दिला आणि त्याबरोबरच वाय-फाय चालू ठेवण्याचेही आवाहन केले. कुलूपबंद ग्रंथालयाच्या वाहनतळावर गाडी उभी करून, किंवा बाहेरच्या पायरीवर बसून, लोक शाळेचे धडे आणि कार्यालयाची कामे करत होते. टोरोंटोत ग्रंथालयाच्या काही शाखांतून गरजूंना अन्नधान्याची पाकिटे वाटली गेली, कारण नेहमीच्या वाटप-केंद्रांपैकी बरीच बंद पडली होती आणि ग्रंथालयाकडे वस्त्यांतून पसरलेल्या जागा, सामानाची ने-आण करणारी वाहने आणि लोकांचा विश्वास या तिन्ही गोष्टी होत्या. त्याच टोरोंटोला ऑक्टोबर २०२३ मध्ये उलटा अनुभव आला. सायबर हल्ल्याने संगणकयंत्रणा कोलमडली, पण शाखांची दारे उघडी राहिली. पुस्तके देता येत होती, मात्र परत आलेल्या पुस्तकांची नोंद होत नसल्याने ती पुन्हा मांडणीवर जाऊ शकत नव्हती आणि अशी दहा लाखांच्या घरातली पुस्तके ट्रेलरांत साठवून ठेवावी लागली. वाचकांसाठीचे संगणक कित्येक महिने बंद होते. हे दोन प्रसंग एकत्र वाचले तर ग्रंथालय वेगवेगळ्या प्रकारे बंद पडू शकते हे कळते. कधी इमारत जाते, कधी यंत्रणा, कधी माणसे. प्रत्येक वेळी उरलेल्या दोन गोष्टींच्या आधारे तिसरीची तूट भरता येते, पण तशी तयारी आधीपासून असली तरच.

तयारी म्हणजे नेमके काय, याबद्दल माझा कल थोडा प्रवाहाविरुद्ध आहे. बंद होताना सर्वात आधी कार्यक्रम रद्द केले जातात, कारण ते मूळ कामाला जोडलेली शोभा आहेत असा समज असतो. प्रत्यक्षात हलवायला सर्वात सोपे तेच असतात. गोष्टी सांगणाऱ्याला एक सतरंजी, दहा पुस्तके आणि झाडाची सावली किंवा शाळेचा एखादा वर्ग पुरतो. वाचकमंडळ कोणत्याही सभागृहात भरते. भाषासरावाच्या गटाला आठ खुर्च्या लागतात. ग्रंथालय बंद असताना कार्यक्रम थांबणे हा बहुतेक वेळा निव्वळ आळस असतो, आणि तो महागात पडतो, कारण आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी जमणारा गट एकदा विस्कटला की सूचना लावून पुन्हा जमत नाही. पुस्तकांचे काम त्या मानाने अवघड आहे. तिथेही एक उपाय फारसा वापरला जात नाही: बंद होण्याआधीच्या काही आठवड्यांत एका वेळी नेता येणाऱ्या पुस्तकांची मर्यादा मोठ्या प्रमाणात वाढवावी, परतीची तारीख पुन्हा उघडण्याच्या दिवसापर्यंत पुढे न्यावी आणि विलंबशुल्क थांबवावे. पुस्तके गोदामाच्या भाड्यात पडून राहण्यापेक्षा वाचकांच्या घरी राहिलेली बरी. काही हरवतील, हे खरे. पण गोदामातल्या ओलीनेही पुस्तके जातात आणि ती कोणी वाचलेलीही नसतात. १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडताना एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथ उपयोगासाठी आहेत हा नियम पहिला ठेवला, आणि खोक्यात बंद केलेल्या ग्रंथाला त्यातून सूट दिली नाही.

सर्वात अवघड आहे ती बसायची जागा. शांत, उजेडाची, विनाशुल्क आणि कशासाठी आलात असे न विचारणारी जागा सार्वजनिक जीवनात ग्रंथालयाखेरीज फारशी कुठे उरलेली नाही. तिचा पूर्ण पर्याय मिळणार नाही, हे मान्य करून अर्धा पर्याय तरी शोधावा लागतो: शाळा सुटल्यानंतरचे वर्ग, नगरसभेची सायंकाळी रिकामी राहणारी दालने, शेजारच्या ग्रंथालयाशी परस्पर सभासदत्वाचा करार. २०१४ मध्ये मिझुरी राज्यातल्या फर्ग्युसन गावात अशांततेमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा तिथले छोटे ग्रंथालय उघडे राहिले आणि स्वयंसेवक शिक्षकांनी मुलांना तिथे शिकवले. शाळेची अडचण ग्रंथालय भागवू शकते, तर ग्रंथालयाची अडचण शाळेने भागवावी, ही मागणी मोठी नाही.

इमारतीबाहेरच्या सेवेला दीर्घ परंपराही आहे. इंग्लंडमधील वॉरिंग्टन येथे १८५८ मध्ये घोडागाडीवरचे फिरते ग्रंथालय सुरू झाले होते. अमेरिकेत मेरिलँड राज्यातील वॉशिंग्टन काउंटीच्या ग्रंथपाल मेरी टिटकॉम्ब यांनी १९०५ मध्ये पुस्तकांची गाडी शेतवस्त्यांवर पाठवायला सुरुवात केली. ती गाडी १९१० मध्ये आगगाडीच्या धडकेत मोडली, आणि १९१२ मध्ये मोटारीवर ती सेवा पुन्हा सुरू झाली. हे सांगण्यामागचा हेतू निराळा आहे. ही वाहने इमारत बंद होती म्हणून निघाली नव्हती. इमारत उघडी असूनही जे येत नव्हते, येऊ शकत नव्हते, त्यांच्यासाठी ती निघाली होती. बंद काळात ग्रंथालयाला नेमकी हीच संधी सक्तीने मिळते. बाजारात, दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात, बसस्थानकावर मांडलेल्या दोन कपाटांपुढे असा माणूस थांबतो, ज्याने ग्रंथालयाच्या पायऱ्या कधी चढलेल्या नसतात, कारण ती वास्तू आपल्यासाठी नाही असे त्याला वाटत आलेले असते.

या मागणीला मर्यादाही घालायला हव्यात. कर्मचारी तेवढेच, त्यात संग्रहाची आवराआवर, शिल्लक तपासणी, जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन आणि स्थलांतर यांचे प्रचंड काम, आणि वर बाहेरच्या सेवा, हे गणित जमत नाही. दुर्मीळ ग्रंथ आणि स्थानिक इतिहासाची कागदपत्रे फिरत्या कपाटात ठेवता येत नाहीत. तो विभाग काही काळ बंद राहणे अपरिहार्य आहे आणि संशोधकांना निदान वर्षभर आधी तसे कळवणे एवढेच शक्य असते. समाजकल्याणाच्या साऱ्या यंत्रणांनी अंग काढून घ्यायचे आणि उरलेले सगळे ग्रंथपालाच्या टेबलावर आणून टाकायचे, ही प्रवृत्तीही जगभर वाढते आहे. अन्नवाटप ग्रंथालयाने आणीबाणीत केले म्हणून ते त्याचे कायमचे कर्तव्य होत नाही. म्हणूनच बंद काळातील सेवेचा खर्च बांधकामाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र रकान्यात दिसला पाहिजे. त्यात तात्पुरत्या जागेचे भाडे असावे, वाहन असावे आणि मुख्य म्हणजे जादा माणसे असावीत. आहेत त्यांच्या सद्भावनेवर हा गाडा ओढता येणार नाही.

पैशाची ही तरतूद आणखी एका कारणासाठी हवी. तात्पुरते बंद झालेले ग्रंथालय परत उघडतेच, असे नाही. ब्रिटनमध्ये २०१० नंतरच्या दशकात सुमारे ८०० सार्वजनिक ग्रंथालये बंद झाली, कारण स्थानिक संस्थांच्या खर्चाला कात्री लागली होती. निधी आटत असताना आधीच बंद असलेली, वाचकांची सवय मोडलेली आणि देवघेवीचा आकडा शून्यावर आलेली शाखा पहिली बळी पडण्याची शक्यता असते. तिच्या बाजूने बोलायला सभेत कोणी उरलेले नसते. बंद काळातही जिच्या गोष्टींच्या तासाला मुले जमत आहेत आणि जिच्या खिडकीशी रांग आहे, ती शाखा गुंडाळणे लोकप्रतिनिधीला तितके सोपे जात नाही. बांधकाम लांबले, ठेकेदार बदलला, निधी अडकला, तरी वाचकांचा हिशेब चालू राहतो आणि जाब विचारायला माणसे शिल्लक राहतात.

पुन्हा उघडण्याच्या बाबतीतही एक अट आराखड्यातच लिहून ठेवावी. उद्घाटनाच्या गडबडीत बाहेरच्या सेवा त्याच आठवड्यात गुंडाळल्या जातात, असे होऊ नये. बाजारातली कपाटे, दवाखान्यातली पुस्तके, शाळेतला संध्याकाळचा वर्ग हे सर्व नवी इमारत उघडल्यावरही निदान वर्षभर चालू ठेवावे, तिथे कोण येते याची नोंद करावी आणि मग कोणती सेवा थांबवायची, कोणती कायम करायची याचा निर्णय सभासदांच्या खुल्या सभेत घ्यावा. त्या सभेचे बोलावणे मधल्या काळात तिथेच नव्याने नाव नोंदवलेल्या वाचकांनाही जावे, आणि सभेची वेळ त्यांच्या कामाच्या वेळा पाहून ठरवावी.